गिनी पिगचे दात बिघडले तर काय करायचं: नव्याने पाळणाऱ्यांसाठी

गिनी पिग वाटीपाशी धावत येतो, काकडीचा तुकडा उचलतो, दोनदा चावल्यासारखं करतो आणि खाली टाकतो, परत उचलतो, परत टाकतो. बऱ्याच घरांत हे बघून म्हणतात की कंटाळला असेल, आज खायचा मूड नसेल, काकडी कडू निघाली असेल. पण भूक आहे म्हणूनच तर तो धावत येतोय ना, त्याला चावता येत नाहीये. असं दिसलं की उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा.

आमच्याकडे बरीच वर्षं गिनी पिग आहेत आणि ओळखीपाळखीत कोणी नवीन आणला की मला पहिला फोन येतो तो बहुतेक वेळा दातांबद्दलच असतो. पुढचे दात दिसतात म्हणून सगळे तेच बघत बसतात, फोटो काढून पाठवतात, "हे जास्त लांब झालेत का गं" विचारतात, आणि खरा त्रास चालू असतो मागच्या दाढांत, जिथे घरी कोणालाच डोकावता येत नाही. म्हणून इथे मी तेच सांगणार आहे, न दिसणाऱ्या दाढांवर लक्ष कसं ठेवायचं, त्या झिजत्या कशा ठेवायच्या आणि बिघडल्याच तर दवाखान्यात आणि घरी काय काय करायचं.

आधी तोंडात काय असतं ते बघू

गिनी पिगला एकूण २० दात. पुढे वर दोन आणि खाली दोन, सुळे नसतातच, मग मोठी मोकळी फट, आणि आत दोन्ही बाजूंना वर चार खाली चार अशा १६ दाढा. हे सगळेच्या सगळे दात जन्मभर वाढत राहतात, दाढासुद्धा, आठवड्याला साधारण एक ते दोन मिलिमीटर. माणसाच्या दाताला मूळ तयार झालं की वाढ थांबते, इथे तसं नाही, खालून दात येतच राहतो आणि वरून तो झिजायलाच हवा.

आता दाढांची ठेवण लक्षात घ्या, सगळं त्यावर आहे. खालच्या दाढा आत जिभेकडे झुकलेल्या असतात आणि वरच्या बाहेर गालाकडे. तोंड जात्यासारखं आहे, मध्ये दळायला काही असलं तर दोन्ही पाळ्या सारख्या झिजतात. दळायला गवत नसलं की खालच्या दाढा आत वाढत जाऊन दोन्हीकडून जिभेवर कमान करतात आणि जीभ खाली दाबली जाते, मग घास मागे ढकलता येत नाही आणि गिळता येत नाही. वरच्या दाढांची टोकं गालाला टोचतात, जखमा होतात. पुढचे दात तेव्हाही छान पांढरे आणि सरळ दिसत असू शकतात.

पुढचे दात वाकडे किंवा लांब झाले तरी बहुतेक वेळा सुरुवात मागेच झालेली असते, दाढा उंच झाल्यामुळे तोंड नीट मिटत नाही आणि मग पुढचे दात एकमेकांवर घासले जात नाहीत. त्यामुळे कोणी नुसते पुढचे दात कापून दिले आणि दाढा बघितल्याच नाहीत तर काम अर्धंच झालंय असं समजा.

आणखी दोन गोष्टी, कारण यावरून लोक उगाच घाबरतात. खालचे पुढचे दात वरच्यांपेक्षा बरेच लांब असतात, ते नॉर्मल आहे. आणि रंग पांढरा असतो, उंदीर-हॅमस्टरसारखा पिवळा-नारिंगी नाही.

पहिलं काम: वजनकाटा

पिंजरा, खेळणी, बोगदे, सगळं नंतर. आधी किचनमध्ये पीठ मोजायला वापरतात तो डिजिटल काटा घ्या, ग्रॅममध्ये दाखवणारा. त्यावर एक टोपली किंवा खोलगट डबा ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, त्यात गिनी पिग आणि सोबत एक कोथिंबिरीची काडी म्हणजे तो जरा स्थिर बसतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, शक्यतो सकाळी भाजी द्यायच्या आधी. आकडा लिहून ठेवायचा, फोनमध्ये किंवा कॅलेंडरवर, कुठेही, पण लिहायचाच.

मोठ्या गिनी पिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं, नर थोडे जड. तुमच्याचा नेहमीचा आकडा किती ते महत्त्वाचं. २०-३० ग्रॅम वरखाली होतंच, पोट भरलेलं असलं, लघवी केलेली नसली तरी एवढा फरक पडतो. ५० ग्रॅमच्या वर घट दिसली तर रोज वजन करायला लागा आणि खाताना जवळ बसून बघा. नेहमीच्या वजनाचा दहावा हिस्सा गेला, म्हणजे ९०० ग्रॅमचा ८१० वर आला, तर बाकी काहीही लक्षण नसलं तरी डॉक्टर.

मी एवढं वजनावर का अडून बसते तर गिनी पिग दुखणं लपवतो. रानात शिकार होणाऱ्या प्राण्याचा तो स्वभाव आहे, आजारी दिसला की संपला. आणि अंगावर एवढे केस की बारीक झालेला हाताला लागेपर्यंत खूप उशीर होतो. काट्यावर मात्र तो आठवडाभर किंवा त्याहूनही आधी दिसतो.

दुसरं काम: गवत, गवत आणि परत गवत

दाढा झिजतात त्या गवताने. लाकडाचे तुकडे, मिनरल स्टोन, चावायची खेळणी, हे सगळं पुढच्या दातांनी कुरतडलं जातं, दाढांपर्यंत जातच नाही. टाइमपास म्हणून द्या, पण "दातांसाठी आणलंय" म्हणून निर्धास्त होऊ नका. गवताची लांब काडी आत घेऊन तो जबडा मागेपुढे घासत राहतो, तासन् तास, आणि गवतात वाळूच्या जातीचा सिलिका असतो, त्याने दाढा झिजतात. पेलेट, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या तयार खाण्याच्या गोळ्या, दोन चावण्यात भुगा होतात, गाजर-काकडी पण तशीच. पोट भरतं पण जबड्याला काम मिळत नाही.

जेवणाचा चार-पंचमांश भाग गवत असायला हवा. रोज त्याच्या अंगाएवढा ढीग पुढे असला पाहिजे आणि रात्रीसुद्धा संपता कामा नये, कारण ते रात्रीही उठून खातात.

आपल्याकडे अडचण इथेच येते. टिमोथी गवत बाहेरून येतं, ऑनलाइन मिळतं, महाग पडतं. परवडत असेल तर घ्याच, नसेल तर मिसळून चालवा. ओटचं वाळलेलं गवत काही ठिकाणी मिळतं, ते चांगलं. गावाकडे किंवा शहराच्या कडेला गोठा असलेलं कोणी ओळखीचं असेल तर मारवेलसारखं बारीक पानांचं गवत वाळवून मागवता येतं. हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, त्यांना फार आवडतात आणि हिरव्या गवतानेही दाढा झिजतात, पण फुलवाल्याकडची २१ दूर्वांची जुडी हे दोन मिनिटांचं काम आहे, जेवण होत नाही. भरपूर मिळत असेल तर रोज द्या, आधी धुऊन, पाणी निथळून, आणि सवय नसेल तर मूठभरापासून सुरू करून आठवडाभरात वाढवा, नाहीतर पोट फुगेल.

रस्त्याच्या कडेचं, कुत्री फिरतात तिथलं, सोसायटीच्या लॉनवर औषध मारलेलं असेल ते गवत नको. मशीनने कापलेला लॉनचा लगदा तर नकोच, तो लगेच गरम होऊन आंबतो. कोवळी हिरवी ज्वारी कापून आणू नका, जनावरांना तिची विषबाधा होते हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. लसूणघासात कॅल्शियम फार, तो सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, बाकीच्यांना मूतखड्याचा धोका. भाताचा पेंढा खाली अंथरायला चालतो, जेवण म्हणून त्यात दम नाही.

पावसाळ्यात गवताला बुरशी धरते, हे खास सांगायचं कारण मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हा प्रकार होतोच होतो. एकदम पाच किलोचं पोतं घेण्यापेक्षा थोडं थोडं घ्या, पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा सुती पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये गच्च बांधून नाही. कुबट वास आला, पांढरी-काळी भुकटी दिसली की टाकून द्या, पैसे गेले तर गेले.

पेलेट दिवसाला एक-दोन टेबलस्पून, साधे, एकाच रंगाचे. रंगीबेरंगी गोळ्या, मका, सूर्यफुलाच्या बिया, वाळलेली फळं असलेलं मिक्स घेऊ नका. आणि घरातल्या आजी-आजोबांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा की पोळी, बिस्किट, पाव, चुरमुरे, भिजवलेले हरभरे हे त्याला द्यायचं नाही. त्याने पोट भरलं की तो गवत खात नाही, आणि गवत नाही म्हणजे दाढा वाढल्या.

तिसरं: क जीवनसत्त्व

माणसासारखंच गिनी पिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, रोज बाहेरून लागतं. ते कमी पडलं की हिरड्या आणि दाताला धरून ठेवणारी पेशीजाळी कमजोर होते, दात हलतात, तिरके होतात, सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं. म्हणजे गवत भरपूर असूनही दात बिघडू शकतात. मोठ्याला दिवसाला साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारी किंवा गाभण असेल तर जास्त.

सगळ्यात सोपा उपाय ढोबळी मिरची. हिरव्या ढोबळीत १०० ग्रॅमला ८० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे बिया काढून २५ ग्रॅमची एक फोड दिली की दिवसाचं काम झालं. लाल ढोबळीत त्याहून जास्त. कोथिंबीर रोज चालते. पेरूत खूप असतं पण साखरही असते म्हणून लहानसा तुकडा, आठवड्यातून एक-दोनदा. आवळ्याची बारीक फोड काहीजण आनंदाने खातात, काही तोंड फिरवतात.

पाण्यात टाकायचे थेंब विकतात ते घेऊ नका, पाण्यात आणि उजेडात क जीवनसत्त्व लवकर नासतं, चव बदलली म्हणून तो पाणी प्यायचा कमी होतो ते वेगळंच. पेलेटमधलंही महिन्यागणिक कमी होत जातं, बनवल्याची तारीख बघा, तीन महिन्यांपेक्षा जुन्या पाकिटावर क जीवनसत्त्वासाठी अवलंबून राहू नका. औषध म्हणून द्यायची वेळ आलीच तर लहान मुलांचे नुसत्या क जीवनसत्त्वाचे ड्रॉप्स डॉक्टरला विचारून, बाटलीवर एका एमएलमध्ये किती मिलिग्रॅम ते वाचून, सिरिंजने थेट तोंडात. मल्टिव्हिटामिन नको, त्यातलं अ आणि ड जास्त झालं तर त्रास होतो.

काय दिसलं की सावध व्हायचं

सुरुवातीला बदल फार छोटे असतात. गवत आधी सुटतं, मग पेलेट, मग गाजरासारखं कडक, आणि शेवटपर्यंत काकडी-कोथिंबीर चालू राहते, त्यामुळे घरच्यांना वाटतं "खातोय की". तो काय खातोय यापेक्षा काय सोडलं ते बघा. चावायला जास्त वेळ लावतो, मान एका बाजूला कलती करून चावतो, तोंडातून घास पडतो, पान चोखल्यासारखं करतो आणि बाहेर येताना हिरवी दोरी झालेली असते.

हनुवटीखाली बोट फिरवा. ओलसर, चिकट, केस गुठळलेले असतील तर लाळ गळतेय. फक्त एक लक्षात ठेवा, एप्रिल-मेमध्ये लाळ गळणं, आडवं पडणं आणि जोरजोरात श्वास हे उष्माघाताचंही लक्षण आहे, तेव्हा दातांचा विचार नंतर, आधी थंड जागा, ओला टॉवेल आणि तडक दवाखाना.

लेंड्या रोज बघा. चांगली लेंडी लांबट, गोलसर टोकांची, सारख्या आकाराची. बारीक, कोरड्या, एका टोकाला निमुळत्या किंवा एकदम कमी लेंड्या म्हणजे पोटात पुरेसं जात नाहीये.

आता जबड्याच्या खालच्या कडेवरून दोन्ही बाजूंनी एकदम बोटं फिरवा, दोन्ही बाजू सारख्या लागल्या पाहिजेत. एका बाजूला टणक उंचवटा लागला तर दाढेचं मूळ खाली वाढून हाड ढकलतंय किंवा तिथे पू झालाय. वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या अगदी जवळ असतात, म्हणून एकाच डोळ्यातून सतत पाणी, पांढरा चिकट स्राव किंवा एक डोळा थोडा बाहेर आल्यासारखा दिसणं हेसुद्धा दातांचं लक्षण असू शकतं. डोळ्यात ड्रॉप घालून दिवस घालवू नका.

पुढचे दात बघायचे तर एकाने मांडीवर टॉवेलमध्ये धरायचं, दुसऱ्याने वरचा ओठ हळूच वर करायचा. कडा आडवी सरळ हवी. तिरकी, छिन्नीसारखी एका बाजूला उतरती असेल तर मागे एका बाजूच्या दाढा दुखतायत आणि तो दुसऱ्याच बाजूने चावतोय असं समजा.

आणि हे कृपया डोक्यात पक्कं करा: गिनी पिग १२ तास काहीच खात नसेल तर ती इमर्जन्सी आहे. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं, थांबलं की गॅस, मग यकृतावर चरबी, आणि दिवस-दीड दिवसात हाताबाहेर जातं. रविवार आहे, उद्या बघू, असं करू नका.

डॉक्टर आधीच शोधून ठेवा

हे काम गिनी पिग ठणठणीत असताना करायचं. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर सगळीकडे मिळतात, पण गिनी पिगच्या दाढा बघितलेले कमी, आणि त्यात त्यांचा दोष नाही, त्यांच्याकडे हे प्राणी येतातच कमी. पुणे-मुंबईत एक्झॉटिक, म्हणजे कुत्र्या-मांजरांपेक्षा वेगळे पाळीव प्राणी बघणारे दवाखाने आहेत, तिथे चौकशी करा. लहान गावात असाल तर पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात विचारा, परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे सरकारी कॉलेजं आहेत, फोन करून लहान प्राणी कधी बघतात ते आधी विचारून जा.

फोनवर चार प्रश्न विचारा. गिनी पिगला गॅसची भूल देता का? डोक्याचा एक्सरे काढता का? मागच्या दाढा घासायची बारीक हत्यारं आहेत का? आणि भुलीच्या आधी किती वेळ उपाशी ठेवायला सांगता? शेवटच्या प्रश्नाला कोणी "रात्रभर काही देऊ नका" म्हणालं तर तो दवाखाना गिनी पिगसाठी नाही. गिनी पिगला उलटी होतच नाही, त्यामुळे कुत्र्यासारखं उपाशी ठेवायची गरज नसते, उलट उपाशी राहिल्याने आतडं थांबतं. माहीतगार डॉक्टर अगदी थोडा वेळ खाणं बंद ठेवतात आणि गालात साठलेलं भुलीआधी धुऊन काढतात.

नेताना बंद पिशवीत नको, हवेशीर कॅरियर किंवा भोकं असलेली प्लास्टिकची टोपली, खाली टॉवेल, भरपूर गवत आणि पाण्यासाठी काकडीच्या फोडी. वजनाची वही सोबत घ्या, डॉक्टरला तिचा जितका उपयोग होतो तितका तुमच्या वर्णनाचा होत नाही. जोडीदार असेल तर त्यालाही न्या, घाबरतात कमी.

तपासणी आणि उपचार

जागेपणी डॉक्टर कान बघायच्या दुर्बिणीने दाढांवर नजर टाकू शकतात, पण तोंड इतकं अरुंद आणि गाल इतके आत आलेले असतात की बरंचसं सुटतं. दाढा काही नाही म्हणाले आणि वजन तरी घटतच राहिलं तर भुलीखाली तपासणी आणि एक्सरेचा आग्रह धरा. मुळांचं काय चाललंय हे एक्सरेशिवाय कळतच नाही.

एक मुद्दा डॉक्टरशी नक्की बोला, तो बऱ्याचदा राहून जातो: दात वाढले म्हणून खात नाहीये, की दुसऱ्याच कशाने खाणं सुटलं म्हणून दात वाढले? मूतखडा, मादीत अंडाशयाच्या गाठी, कानाचं इन्फेक्शन, मानेच्या गाठीत पू, यातल्या कशानेही खाणं कमी होतं आणि मग आठवड्या-दोन आठवड्यांत दात लांब दिसायला लागतात. तेव्हा फक्त दात घासून आणलं तर पुन्हा तेच होणार.

पुढचे दात घरी नेलकटरने कापायचे व्हिडिओ बघितले असतील. अजिबात करू नका. दात उभा तडकतो, चीर मुळापर्यंत जाते, आत पू होतो. कोणी दवाखान्यातही साध्या कटरने कापायला घेतलं तर थांबवा आणि विचारा, हे काम फिरत्या बारीक चकतीने किंवा बरने (दात घासायच्या फिरत्या बारीक टोकाने) करतात. दाढांसाठी भूल लागतेच.

घासल्यावर दुखतं, त्यामुळे वेदनाशामक मागून घ्या, बहुतेक ठिकाणी मेलॉक्सिकॅम देतात, डोस वजनावर डॉक्टरच ठरवतील. घरातली पॅरासिटॅमॉल वगैरे माणसाची गोळी देऊ नका.

आणि आता अँटिबायोटिक, हा भाग नीट वाचा. अमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही औषधं गिनी पिगला तोंडावाटे देऊ नयेत. ती आतड्यातले चांगले जंतू मारतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात, त्यांचं विष सुटतं, जुलाब लागतात आणि काही दिवसांत प्राणी जातो. कुत्र्यांना, माणसांना हीच औषधं सर्रास देतात म्हणून चुकून लिहिली जाऊ शकतात. नावांची चिठ्ठी करून कॅरियरलाच चिकटवून ठेवा, आणि डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांत यातलं काही दिसलं तर तिथल्या तिथे नम्रपणे विचारा. गिनी पिगला सहसा एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा देतात.

जबड्याखाली गळू असेल तर त्याचा पू चीजसारखा घट्ट असतो, टोचून वाहत नाही, ऑपरेशन करून पिशवीसकट काढावा लागतो आणि बऱ्याचदा आतला दातही.

घरी आणल्यावर: सिरिंजने भरवणं

इथे खरी मेहनत तुमची आहे आणि बरेच गिनी पिग या मेहनतीवरच वाचतात. दाढा घासल्यावर जबड्याचे स्नायू दुखत असतात, काहीजण त्याच संध्याकाळी खातात, काहींना आठवडा किंवा जास्त लागतो. तोपर्यंत पोट चालू ठेवायचं.

शाकाहारी आजारी प्राण्यांसाठी पावडर मिळते, एखादं पाकीट घरात आणूनच ठेवा. नाही मिळाली तर त्याचेच नेहमीचे पेलेट मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात अगदी बारीक करा, चाळून घ्या, दुप्पट कोमट पाणी घालून दहा मिनिटं फुगू द्या, मग पातळ पिठल्याइतकं सैल करा. दूध, दही, साखर, केळं, भाताची पेज, बाळाचं दूधवालं सिरीयल यातलं काही नको, त्याला तंतू लागतात, पिष्ट आणि साखरेने पोटात गॅस धरतो.

काहीच खात नसेल तर दिवसाला वजनाच्या किलोमागे ५० ते ८० एमएल. म्हणजे ९०० ग्रॅमच्याला साधारण ४५ ते ७० एमएल, पाच-सहा वेळांत विभागून, एका वेळी १० एमएलच्या आसपास. रात्रीचा अलार्म लावावा लागतो, घरात वाटून घ्या.

धरायचं कसं: मांडीवर टॉवेल, त्याचं मागचं अंग तुमच्या पोटाला टेकलेलं, तोंड पुढे, चारही पाय खाली. उताणा कधीच नाही. १ एमएलची सिरिंज घ्या, टोकाचं भोक लहान असेल तर टोक कापून कड घासून गुळगुळीत करा. पुढच्या दातांच्या मागे जी मोकळी फट आहे तिथून बाजूने सिरिंज आत, अर्धा एमएल, थांबा, चावून गिळू द्या, मग पुढचा. सरळ समोरून घशाकडे दाबलंत तर छातीत जाईल. तो चावतोय हे दिसलं पाहिजे. मध्ये मध्ये पाणीही एक-दोन एमएल. झाल्यावर ओल्या कापडाने हनुवटी पुसून कोरडी करा, तशीच ओली राहिली तर त्वचा सोलवटते.

पहिल्या दिवशी तो झगडेल, डोकं फिरवेल, अर्धं तुमच्या कपड्यांवर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बहुतेकजण सिरिंज बघून तोंड पुढे करतात. बाजूला गवत, किसलेलं गाजर, काडेपेटीच्या काडीएवढी बारीक चिरलेली ढोबळी कायम ठेवा, म्हणजे स्वतः खायला सुरुवात कधी केली ते कळतं. वजन या दिवसांत रोज. स्वतः गवत चावायला लागला आणि वजन दोन-तीन दिवस टिकलं की सिरिंजचं प्रमाण हळूहळू कमी करा, एकदम बंद नको.

पडून पुढचा दात तुटला तर

हे वेगळं आणि त्यामानाने सोपं प्रकरण. सोफ्यावरून पडला, पिंजऱ्याचे गज चावताना मोडला, असं होतं. मूळ शाबूत असेल तर दोन-तीन आठवड्यांत दात परत येतो. तोवर सगळं बारीक चिरून द्या आणि त्याच्या समोरासमोरचा दात (वरचा तुटला तर खालचा) वाढत असतो त्यावर लक्ष ठेवा, तो हिरडीत घुसायला लागला तर डॉक्टरकडून कमी करून घ्यावा लागेल. हिरडीतून रक्त थांबत नसेल किंवा दात मुळासकट निघाला असेल तर त्याच दिवशी दाखवा.

पुढे काय

लवकर सापडलं आणि कारण खाण्यातलं असेल तर एक-दोनदा घासून, गवत वाढवून अनेकजण पूर्ण सुधारतात. दाढांची मुळं वाकलेली असतील तर मात्र दर चार ते आठ आठवड्यांनी दाढा घासाव्या लागतात, तेही आयुष्यभर, आणि प्रत्येक वेळी भूल, खर्च, भरवणं. आधीच डॉक्टरशी मोकळेपणाने बोला की किती वेळा, किती पैसे, त्याला किती त्रास. मी ओळखते अशा काहींचे गिनी पिग या वेळापत्रकावर वर्षानुवर्षं मजेत आहेत. काहींचे प्रत्येक भुलीनंतर आणखी खचत गेले, आणि त्यांनी डॉक्टरच्या सल्ल्याने त्याला शांतपणे जाऊ दिलं. त्यांना कोणी दोष देऊ नये, मी तर नाहीच देणार.

ज्याच्या दाढा अशा वारंवार बिघडतात त्याची पिल्लं घेऊ नका, ही ठेवण पुढे जाऊ शकते. आणि घरात दुसरा गिनी पिग असेल तर त्याचंही वजन तेवढ्याच नेमाने करा, दोघं एकाच ढिगातून खातात, त्यामुळे गवत संपतंय म्हणून दोघंही खातायत असं होत नाही.